रिकाम्या पोर्टात लावलेला मॉनिटर: एका मशीनचा प्रकरण अभ्यास

## पार्श्वभूमी

हे प्रकरण एका व्हिडिओ संपादिकेच्या मशीनचं आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून तिला इथे फक्त ताई म्हणतो. प्रत्यक्षातही मी तिला ताईच म्हणतो, त्यामुळे लिहिताना चुकून नाव निसटायची भीती नाही. ताई प्रशिक्षणाचे व्हिडिओ आणि छोटे माहितीपट एडिट करते, रंग बसवते, शीर्षकं टाकते. संगणकाच्या आतल्या भानगडींशी तिला देणंघेणं नाही. काही अडलं की फोन मला.

मशीन असं: कोअर आय५-९४०० प्रोसेसर, ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी रॅम, विंडोज १० आणि ४ जीबी मेमरीचं मधल्या वकुबाचं ग्राफिक्स कार्ड. कार्डाला मागे तीन पोर्ट होते: डिस्प्लेपोर्ट १.४, एचडीएमआय २.० आणि डीव्हीआय-डी. शिवाय मदरबोर्डचं स्वतःचं एक एचडीएमआय पोर्ट होतं. त्यावर पहिल्या दिवसापासून काळी प्लास्टिकची टोपी होती आणि ती कोणी कधी काढली नव्हती.

दोन मॉनिटर आधीपासून कार्डावर चालू होते. डिस्प्लेपोर्टला मुख्य मॉनिटर, २७ इंची, २५६० बाय १४४०, १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा. कार्डाच्या एचडीएमआयला एक जुना १९२० बाय १०८०चा मॉनिटर. त्याला फक्त व्हीजीए इनपुट, म्हणून मध्ये अंगठ्याएवढा एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर. या जुन्यावर फाइलींची यादी, मेल आणि चॅट उघडं असायचं.

मग तिसरा आला: ३८४० बाय २१६०, ६० हर्ट्झचा फोर-के मॉनिटर. त्यावर फक्त प्रीव्ह्यू पूर्ण पडदाभर दिसावा, एवढंच ताईला हवं होतं.

## अडचण

नव्या मॉनिटरच्या खोक्यात एचडीएमआय केबल होती. ताईने कॅबिनेट वळवलं आणि मागे पाहिलं. कार्डाचं एचडीएमआय भरलेलं, डीव्हीआयमध्ये ही केबल बसत नाही. टोपीखालचं मदरबोर्डचं पोर्ट तेवढं मोकळं. टोपी काढली, केबल खोचली. मॉनिटरवर आलं: सिग्नल नाही.

ती मला म्हणाली, "अरे, बसली तर नीट आहे. मग दिसत का नाही?"

पुढे जे झालं त्याचं मूळ या प्रश्नात आहे, आणि माझ्या पहिल्या उत्तरातही. मी म्हणालो, "ताई, ते पोर्ट झोपलंय, उठवायला लागेल." पोर्ट खरोखरच झोपलेलं होतं. पण हा मॉनिटर त्या पोर्टावर असावा का, हे मी विचारलंच नाही.

## दोन ग्राफिक्स म्हणजे नेमकं काय

थोडं थांबून हे सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

मदरबोर्डच्या पाठीवरची डिस्प्ले पोर्टं मदरबोर्डची नसतात. बोर्डावर चित्र काढणारं काही नसतं. ती पोर्टं थेट प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला जोडलेली असतात, बोर्ड फक्त वाट देतो. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर ती पोर्टं कायमची मेलेली. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाअखेर एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही. रायझन ५००० मालिकेत डेस्कटॉपवर फक्त नावात जी असलेल्यांना ते होतं, ७००० पासून बहुतेकांना छोटंसं मिळालं. ताईचा प्रोसेसर नुसता ९४००, ९४००एफ नव्हे. म्हणजे आत यूएचडी ६३० हजर. ते एका वेळी तीन पडदे चालवू शकतं.

मग सिग्नल का नाही? कारण कार्ड बसवलेलं दिसलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपणहून बंद ठेवतात. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये, ते सेटिंग 'ऑटो'वर असतं आणि ऑटोचा अर्थ तिथे 'कार्ड आहे ना, मग तू बस' असा असतो. सेटिंगचं नाव बोर्डागणिक बदलतं. कुठे 'इंटर्नल ग्राफिक्स', कुठे 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' (आयजीपीयू म्हणजे हेच आतलं ग्राफिक्स).

दोन्ही चालू केली की विंडोज दोघांचे पडदे मिळून एकच डेस्कटॉप करतं. हे आज साधं वाटतं, पण व्हिस्टामध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचे ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते ते ग्राफिक्स चालवता यावं म्हणून लागणारे प्रोग्राम, असे एकत्र नांदत नसत. ती सोय विंडोज ७ मध्ये, म्हणजे २००९ला, परत आली. खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओढली की ती सहज सरकते. आपल्याला वाटतं, काही घडलंच नाही. पण प्रोग्राम कार्डावर चित्र काढत असेल आणि खिडकी मदरबोर्डच्या पोर्टावरच्या पडद्यावर असेल, तर कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम रॅममध्ये आतल्या ग्राफिक्सकडे नेऊन द्यावी लागते, मग ती पडद्यावर जाते. काढणारा एक, दाखवणारा दुसरा. कॅबिनेटच्या पाठीकडे पाहून यातलं काहीच कळत नाही.

## पहिला निर्णय: पोर्ट उठवणं

बायोसमध्ये जाऊन इंटर्नल ग्राफिक्स 'ऑटो'वरून 'एनेबल्ड' केलं, सेव्ह केलं, मशीन परत सुरू केलं. आणि मुख्य मॉनिटर काळा. सुरुवातीचा लोगो नव्या फोर-केवर आला.

ताईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मलाही क्षणभर धस्स झालं, पण कारण साधं होतं. मशीन सुरू होताना बायोसला एक ग्राफिक्स मुख्य म्हणून निवडावं लागतं. आतलं ग्राफिक्स जागं झाल्यावर या बोर्डाने ते निवडलं. त्यासाठी वेगळं सेटिंग असतं, 'प्रायमरी डिस्प्ले'. त्यात आतलं ग्राफिक्स, 'पीईजी' म्हणजे पीसीआय एक्सप्रेस खाचेतलं कार्ड, किंवा पुन्हा तो ऑटो. मी आधीचं सेटिंग बदललं आणि या दुसऱ्या सेटिंगकडे पाहिलं नाही.

विंडोज सुरू झाल्यावर तिन्ही पडदे आले. फोर-के आधी काही वेळ भलत्याच रिझोल्यूशनवर होता, कारण इंटेलचा ड्रायव्हर यायचा होता. तोवर विंडोज आपला मूळ साधा ड्रायव्हर वापरतं. इंटेलचा ड्रायव्हर बसल्यावर ३८४० बाय २१६० दिसलं. ताई खूश. मीही सामान आवरलं.

पण विंडोजने फोर-केलाच मुख्य डिस्प्ले मानलं होतं, आणि ते मी तसंच सोडून आलो.

## दुसऱ्या दिवशीच्या तक्रारी

दुसऱ्या दिवशी सकाळी एकापाठोपाठ तीन तक्रारी आल्या. तिन्ही एकाच कारणाच्या असतील असं मी गृहीत धरलं आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ गेला.

पहिली: शीर्षकं बनवायचा तिचा प्रोग्राम रखडत होता. कालपर्यंत लोण्यासारखा चालणारा.

दुसरी: "त्या मोठ्या पडद्यावर माउस चिकटतो रे." हे शब्द तिचेच. बाण फोर-केवर गेला की मधात बुडवल्यासारखा हलायचा.

तिसरी, आणि तिच्या दृष्टीने खरी: प्रीव्ह्यूमध्ये कॅमेरा आडवा फिरतानाच्या दृश्यांत बारीक हिसके. शॉटमध्ये खांब एका बाजूने दुसरीकडे सरकताना मध्येच अडखळून पुढे जायचा, सेकंदाला चार-पाच वेळा.

मी फोनवरच निदान ठोकून दिलं: फ्रेम कार्डावरून आतल्या ग्राफिक्सकडे न्यायला वेळ लागतोय, म्हणून सगळं अडतंय. ऐकायला पटण्यासारखं. पण तीनपैकी एकाही तक्रारीला ते लागू नव्हतं.

## खरं कारण शोधताना

आधी आकडेमोड केली, ती आदल्या दिवशीच करायला हवी होती. फोर-केची एक फ्रेम म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल, पिक्सेलमागे ४ बाइट धरले तर सुमारे ३३ एमबी. सेकंदाला ३० फ्रेम नेल्या तरी १ जीबीच्या आसपास. कार्ड बसलेल्या पीसीआय एक्सप्रेस ३.०च्या सोळा लेनमधून एका दिशेने सेकंदाला पंधरा जीबीहून जास्त जाऊ शकतं. हमरस्त्यावरून एक हातगाडी जावी तसला प्रकार. कोण किती काम करतंय ते दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स पानावर दोन्ही ग्राफिक्स वेगळी दिसतात. तिथला 'कॉपी'चा आलेख प्रीव्ह्यू चालू असताना जेमतेम जमिनीवरून उठत होता.

मग सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडलं. कोणता पडदा कोणत्या ग्राफिक्सला जोडलाय ते तिथे नावासकट लिहिलेलं असतं, आणि खाली रिफ्रेश रेट. फोर-केपुढे लिहिलं होतं ३० हर्ट्झ. यादी उघडली तर त्यात ६० नव्हतंच.

मी केबलवर संशय घेतला. माझ्या बॅगेतली एक केबल लावून पाहिली. तेच. ती केबल तशीच लावलेली राहिली. हे वाक्य लक्षात ठेवा.

कारण केबल नव्हती. त्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधलं ग्राफिक्स एचडीएमआय १.४ पर्यंतच बोलतं. पुढची आवृत्ती हवी तर बोर्ड बनवणाऱ्याला मध्ये वेगळी चिप बसवावी लागते आणि या बोर्डावर ती नव्हती. एचडीएमआय १.४मधून चित्रासाठी सेकंदाला ८.१६ गिगाबिट मिळतात. फोर-के ६० हर्ट्झला नुसत्या पिक्सेलांचेच जवळपास १२ गिगाबिट होतात, वर ओळींमधल्या मोकळ्या वेळेचे वेगळे. म्हणून ३०वर गाडी थांबते. कार्डाच्या एचडीएमआय २.०मध्ये तीच सोय १४.४ गिगाबिटांची आहे. पोर्टांचा आकार एकच, पिनाही तेवढ्याच. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं.

माउसचं चिकटणं इथेच सुटलं. शेजारच्या पडद्यावर सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतंय आणि इकडे ३० वेळा. बाण एका पडद्यावरून दुसऱ्यावर गेला की हाताला फरक जाणवणारच.

हिसक्यांचं कारण त्याहून मजेशीर. ताईचं चित्रण २५ फ्रेमचं होतं. पडदा ३० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला चित्र बदलायचे ३० ठोके. पाच फ्रेम सहा ठोक्यांत बसवायच्या म्हणजे चार फ्रेम एकेक ठोका आणि एक फ्रेम दोन ठोके. सेकंदाला अशा पाच फ्रेम दुप्पट वेळ रेंगाळतात. ताईने फोनवर 'चार-पाच वेळा' म्हटलं होतं ते अगदी बरोबर होतं. तिचा डोळा माझ्या निदानापेक्षा पुढे होता. ६० हर्ट्झवरही २५ समान वाटून बसत नाहीत, काही फ्रेम दोन ठोके तर काही तीन. पण तिथे ठोका निम्मा असल्याने डोळ्याला तेवढं खुपत नाही.

शीर्षकांच्या प्रोग्रामचं कारण तिसरंच. तो ओपनजीएलवर, म्हणजे ग्राफिक्सकडून चित्र काढून घ्यायच्या एका पद्धतीवर, चालणारा, आणि असे प्रोग्राम बहुधा मुख्य डिस्प्ले ज्याच्याकडे आहे त्याच ग्राफिक्सवर जाऊन बसतात. मुख्य डिस्प्ले फोर-के झाला, फोर-के मदरबोर्डवर, म्हणून प्रोग्राम यूएचडी ६३०वर. कार्ड बाजूला रिकामं बसून होतं. टास्क मॅनेजरच्या प्रोसेस यादीत 'जीपीयू इंजिन'चा रकाना दाखवायला सांगितला की कोणता प्रोग्राम कोणत्या ग्राफिक्सवर चाललाय ते ओळीत दिसतं. तिथे हे दोन मिनिटांत सापडलं.

## पर्याय तोलताना

आता प्रश्न नीट मांडता आला: कोणत्या पडद्याला काय लागतं आणि कोणतं पोर्ट ते देऊ शकतं?

आहे तसं ठेवणं म्हणजे प्रीव्ह्यूसाठी आणलेल्या पडद्यावर प्रीव्ह्यूच नीट न दिसणं. हा पर्याय बोलायलाही घेतला नाही.

नवं कार्ड घेणं ताईनेच उडवून लावलं. "कार्ड काम करतंय ना? मग कार्डाला का शिक्षा?"

यूएसबीला लावायचे डिस्प्ले अडॅप्टर मिळतात. त्यात चित्र आधी प्रोसेसरकडून दाबून लहान केलं जातं, मग यूएसबीतून जातं. मेलच्या पडद्याला चालेल, पण एडिटिंग करणाऱ्या मशीनच्या प्रोसेसरवर हे आणखी एक ओझं कशाला? शिवाय मदरबोर्डचं पोर्ट आता जागं होतं, मग ही उठाठेव अनाठायी. डिस्प्लेपोर्टमधून एका मॉनिटरला दुसरा लावायची साखळीही जमणार नव्हती, कारण मुख्य मॉनिटरला बाहेर जाणारं डिस्प्लेपोर्टच नव्हतं.

तिन्ही मॉनिटर कार्डावरच घेणं हा पर्याय बराच वेळ समोर होता. कार्डाचं डीव्हीआय-डी मोकळं होतं. पण त्यातलं 'डी' म्हणजे डिजिटल. जुन्या मॉनिटरच्या व्हीजीएला लागणाऱ्या अ‍ॅनालॉग सिग्नलच्या पिना त्यात नसतात, त्यामुळे साधा खोचायचा अडॅप्टर चालत नाही. डीव्हीआयपासून एचडीएमआय आणि तिथून आपला जुना कन्व्हर्टर, अशी माळ करता आली असती. मला तो पर्याय आजही वाईट वाटत नाही. सगळं एका कार्डावर असलं की 'काढणारा एक, दाखवणारा दुसरा' ही भानगड राहत नाही. प्रोसेसर एफवाला असता तर हीच वाट धरावी लागली असती.

राहिली अदलाबदल. फोर-के कार्डाच्या एचडीएमआयवर. जुना मॉनिटर त्याच्या कन्व्हर्टरसकट मदरबोर्डच्या एचडीएमआयवर. १०८०ला ६० हर्ट्झवर एचडीएमआय १.४ हसत हसत पुरतं. नवीन काही आणायचं नाही. फक्त दोन केबलींनी जागा बदलायच्या.

हे पहिल्याच दिवशी का सुचलं नाही? कारण जुना मॉनिटर आधीपासून तिथे होता. आपण सगळे असंच करतो. बसलेल्याला उठवत नाही, नव्याला उरलेल्या जागेत बसवतो. इथे सगळ्यात साध्या कामाचा मॉनिटर चांगल्या पोर्टावर बसून होता आणि सगळ्यात जास्त मागणी असलेला कोपऱ्यात.

## काय केलं

केबली बदलल्या. बायोसमध्ये प्रायमरी डिस्प्ले 'पीईजी' केला, आतलं ग्राफिक्स चालूच ठेवलं. विंडोजमध्ये २७ इंचीला मुख्य डिस्प्ले केलं. 'ग्राफिक्स सेटिंग्ज'मध्ये शीर्षकांचा आणि एडिटिंगचा असे दोन्ही प्रोग्राम 'हाय परफॉर्मन्स'वर टाकले. ही सोय विंडोज १०मध्ये २०१८च्या एप्रिलमधल्या अपडेटपासून आहे, मात्र ओपनजीएलवाले प्रोग्राम ती नेहमी पाळत नाहीत. त्यांच्यासाठी मुख्य डिस्प्ले कार्डावर असणं हाच खरा उपाय.

फोर-केच्या यादीत आता ६० दिसलं. ते निवडलं. पंधरा मिनिटं सगळं छान. मग पडदा दोन सेकंदांसाठी काळा झाला आणि परत आला. थोड्या वेळाने पुन्हा.

ताई माझ्याकडे पाहत राहिली. मी कार्डाकडे पाहिलं, कार्डाच्या ड्रायव्हरकडे पाहिलं, ड्रायव्हर नव्याने टाकायचं मनात आणलं, आणि मग केबलकडे पाहिलं. ती माझ्या बॅगेतली होती. आदल्या चाचणीत लावलेली, परत न काढलेली, एचडीएमआय १.४च्या काळातली. ३० हर्ट्झला तिने कुरकुर केली नव्हती, कारण तेवढं तिला झेपत होतं. ६०ला सिग्नलचा वेग दुपटीच्या घरात गेला आणि ती मधूनमधून सोडून देऊ लागली. खोक्यातली मूळ केबल लावली. काळं होणं थांबलं.

दोन गोष्टी ताईने दाखवून दिल्या, मला दिसल्याही नसत्या. एक म्हणजे काळा रंग राखाडी दिसत होता. एचडीएमआयवर फोर-केसारख्या टीव्हीच्या रिझोल्यूशनला ड्रायव्हर कधी कधी पडद्याला टीव्ही समजतो आणि रंगांची पट्टी ० ते २५५ऐवजी १६ ते २३५ अशी आखडती पाठवतो. कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुट रेंज 'लिमिटेड'वरून 'फुल' केली आणि काळा काळा झाला. दुसरी गोष्ट रंगांच्या प्रोफाइलची, म्हणजे त्या मॉनिटरवर रंग बरोबर दिसावेत म्हणून नेमलेल्या फाइलीची. पोर्ट बदललं की विंडोज त्याच मॉनिटरला नवा पाहुणा समजतं, आधी नेमून दिलेली प्रोफाइल त्याच्याबरोबर येत नाही. मुख्य मॉनिटर हलवला नव्हता म्हणून त्याची शाबूत होती. फोर-केला पुन्हा नेमून दिली.

शेवटी रिफ्रेश रेटची यादी पुन्हा उघडली. तिथे ५० होतं. २५ फ्रेमच्या कामाला ५० हर्ट्झ म्हणजे प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन ठोके. ते लावून खांबाचा तोच शॉट चालवला. ताईने तो तीनदा पाहिला आणि काही न बोलता पुढच्या क्लिपकडे गेली. तिच्याकडून याहून मोठं प्रमाणपत्र मिळत नाही.

## निष्पत्ती

मांडणी तेव्हापासून तशीच आहे. मुख्य मॉनिटर कार्डाच्या डिस्प्लेपोर्टवर १४४ हर्ट्झ, फोर-के कार्डाच्या एचडीएमआयवर ५० हर्ट्झ, जुना मदरबोर्डवर ६० हर्ट्झ.

आतलं ग्राफिक्स जागं राहिल्याचा एक अनपेक्षित फायदाही झाला. त्याच्यात व्हिडिओ उलगडायचं वेगळं यंत्र असतं, क्विक सिंक. एडिटिंगच्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये आता इंटेलचा डिकोडर निवडता येऊ लागला. कॅमेऱ्याच्या एच.२६४ पद्धतीने दाबलेल्या व्हिडिओ फाइली मागेपुढे ओढताना टास्क मॅनेजरमध्ये यूएचडी ६३०चा 'व्हिडिओ डिकोड' आलेख वर जातो आणि कार्डाचा मोकळा राहतो. २०११मध्ये क्विक सिंक पहिल्यांदा आलं तेव्हा कार्ड असलेल्या मशीनवर ते वापरायला आतल्या ग्राफिक्सला पडदा जोडलेला असावा लागे. आता तसं नाही. आपण मात्र जुन्या मॉनिटरच्या निमित्ताने ते चालू करून बसलो होतो.

एक शंका ताईला होती आणि ती बऱ्याच जणांना असते. टास्क मॅनेजरमध्ये 'शेअर्ड जीपीयू मेमरी' ८ जीबीच्या आसपास दिसते, म्हणजे अर्धी रॅम गेली का? नाही. ती वरची मर्यादा आहे, राखून ठेवलेला हिस्सा नव्हे. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच घेतं हे खरं, पण लागेल तेवढंच. सुरुवातीलाच बाजूला काढलेला भाग बायोसमध्ये ठरतो आणि इथे तो ६४ एमबी होता. मेल आणि फाइलींच्या यादीला त्यापलीकडे फार लागत नाही.

बंधनं उरली ती अशी. प्रीव्ह्यूची खिडकी जुन्या मॉनिटरवर नेली तर प्रत्येक फ्रेम पुन्हा त्या लांबच्या वाटेने जाणार. चालतं, पण तिथे नेऊ नये. खिडकी अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे ठेवली तर कधी कधी ओढताना रेंगाळते. कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जुना मॉनिटर दिसतच नाही, कारण तो कार्डाचा नाहीच. त्याची सेटिंग इंटेलच्या पॅनेलमध्ये.

## वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक क्रमाची. बायोसमध्ये शिरण्याआधी कागदावर तीन मॉनिटर आणि चार पोर्टं लिहायला हवी होती, प्रत्येकापुढे रिझोल्यूशन, हर्ट्झ आणि पोर्टाची आवृत्ती. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत 'एचडीएमआय: कमाल ४०९६ बाय २१६०, ३० हर्ट्झ' अशी ओळ असते. या बोर्डाच्या पुस्तिकेतही होती. पुस्तिका कॅबिनेटच्या खोक्यात होती आणि खोकं माळ्यावर.

दुसरी चूक तीन तक्रारींना एक कारण लावण्याची. नुकतंच दुसरं ग्राफिक्स चालू केलंय म्हटल्यावर सगळं त्याच्या माथी मारणं सोपं होतं. माउस, हिसके आणि रखडणारा प्रोग्राम यांना वेगळं पाहिलं असतं तर 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले'चं पान आदल्या संध्याकाळीच उघडलं असतं आणि सकाळचा फोन आलाच नसता.

बायोसमध्ये एक बदलताना दुसरं तपासलं नाही, हेही खरं. आता मी बदलाआधी पडद्याचा फोटो काढतो. इंटर्नल ग्राफिक्स आणि प्रायमरी डिस्प्ले ही जोडी आहे. एकीला हात लावला की दुसरीकडे पाहायचं.

केबलचं काय बोलणार. चाचणीला लावलेली वस्तू चाचणी संपली की काढायची, एवढं साधं. ती केबल आता माझ्या बॅगेत नाही. ताईने त्या दिवशी तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवून 'फक्त जुना टीव्ही' असं लिहिलं आणि स्वतःच्या कपाटात ठेवून दिली. उरलेल्या पट्टीचे तुकडे कॅबिनेटच्या मागे लागले: कार्डाच्या पोर्टांवर 'चित्र', मदरबोर्डच्या पोर्टावर 'मेल'.